पडताळणीवाल्या गद्रेबाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. ते उपकारांत मोडत नाहीत. मी कुमुद गद्रे हे नाव घेतो. बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आणि जगातल्या कुठल्याही माणसाच्या पहिल्या उत्तरावर विश्वास न ठेवणाऱ्या कुमुद गद्रे.

हे मला त्यांच्या दारातच कळलं. मी करमाळ्याहून बारावी होऊन पुण्याला आलो होतो. कॉलेजात कॉम्प्युटरच्या शाखेला प्रवेश मिळाला होता, राहायला जागा मिळाली नव्हती. शाळेतल्या गणिताच्या सरांच्या ओळखीनं हा पत्ता हाती आला. एका हातात पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी, अशा अवतारात मी बेल दाबली. किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एका बाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "नाव?"

"दत्ता शिंदे."

त्यांनी डोळे मिटले. जरा वेळानं उघडले आणि जणू मला पहिल्यांदाच पाहत आहेत अशा आवाजात पुन्हा विचारलं, "नाव?"

मला वाटलं, पुण्यात पूर्ण नाव सांगायची पद्धत असेल. "दत्तात्रय भीमराव शिंदे."

"जुळलं नाही. खाली जा, काय ते ठरव, आणि वर ये."

दार बंद झालं. मी खरोखरच ट्रंक उचलून खाली गेलो. जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. तो शर्टावरून नजर न उचलता म्हणाला, "गद्रेबाई ना? लाजू नका. गॅसवाला तर तीनदा खाली आला होता."

मी दोन्ही वेळा 'दत्तात्रय भीमराव शिंदे' म्हणायचं ठरवून वर गेलो. जुळलं. मला खोली मिळाली आणि मी तिथे चार वर्षं राहिलो.

बाईंना हाक काय मारायची हा पहिला प्रश्न होता. मी 'काकू' म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "काकू व्हायला काका लागतो. तो रकाना कोरा आहे." मी 'मावशी' म्हणालो. "तुझी आई माझी बहीण आहे का? तिला विचारलंस?" शेवटी मी 'बाई' म्हणालो. आमच्याकडे शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात.  त्यावर त्यांनी डोळे मिटून वाट पाहिली. मी पुन्हा "बाई" म्हणालो आणि ते कायमचं ठरलं.

बाई पूर्वी पिंपरीकडच्या एका कारखान्यात पंच ऑपरेटर होत्या. ज्या काळात कॉम्प्युटर एका अख्ख्या हॉलमध्ये मावायचा आणि त्याला वारा घालायला माणसांपेक्षा जास्त पंखे असायचे, त्या काळातली ही नोकरी. कामगारांच्या हजेऱ्या, रजा, पगार असं सगळं जाडसर बदामी कार्डांवर भोकं पाडून लिहायचं. ठरावीक जागी भोक म्हणजे ठरावीक आकडा. भोक नसेल तर तिथे काही नाही. मशीन ती कार्डं चाचपत जायचं आणि सरतेशेवटी कोणाला किती पगार ते सांगायचं. पुढे पडदेवाले कॉम्प्युटर आले, पंचिंगचा विभाग बंद झाला, बाईंना हिशेब खात्यात बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. पण मनानं बाई त्या हॉलमधून कधी उठल्याच नाहीत. "जेवणार आहेस का?" असं त्या विचारत नसत. "जेवण? पंच की कोरं?" असं विचारत. "बघतो", "जमलं तर", "साधारण आठला" ही उत्तरं त्या घरात चालत नसत. 'साधारण' हा शब्द ऐकला की त्या पंखा बंद करत. का, ते मला कधीच कळलं नाही, पण उकडायला लागलं की माणूस आपोआप नेमकं बोलतो.

विभाग बंद झाला तेव्हा जुनी कार्डं रद्दीत निघाली. बाईंनी त्यातली पिशवीभर घरी आणली आणि दोऱ्यात ओवून गॅलरीला पडदा केला. त्या पडद्यामुळे त्या घरातल्या दुपारी माझ्या अजून लक्षात आहेत. ऊन उतरलं की कार्डांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके फरशीवर पडायचे. वारा आला की सगळी फरशी हलकेच वाहू लागायची. बाईंचं मांजर त्यात पसरलेलं असायचं. मी भिंतीला टेकून पुस्तक वाचायचो आणि वाचता वाचता माझा डोळा लागायचा. बाई आरामखुर्चीत, डोळे अर्धे मिटून. एखाद्या वेळी फार लांबून यावा तसा त्यांचा आवाज यायचा :

"हलू नकोस. तुझ्या हातावर एका फिटरचा ओव्हरटाइम पडलाय."

मी हात तसाच धरून ठेवायचो. उबदार ठिपके मनगटावरून सरकत सरकत कोपराकडे जायचे.

"आणि मांजरावर?" मी विचारायचो.

"त्याच्यावर बिनपगारी रजा. शोभतेय."

बाईंना ते ठिपके खरंच वाचता येत होते की त्या मला बनवत होत्या, हे मी कधी तपासलं नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या घरात न पडताळता मान्य केली.

बाकी पडताळणीतून कोणाची सुटका नव्हती. बाई वाण्याला तूरडाळीचा भाव विचारून यायच्या, मग मला पाठवायच्या. मी विचारून आलो की दोन्ही भाव जुळवायच्या. वाणी एकदा मला म्हणाला, "बाईंना सांगा, भाव तोच आहे. तुम्ही जाऊन येईपर्यंत म्हातारा मी झालोय." मी तो निरोप दिला. बाई म्हणाल्या, "तो तसाही झालाच होता."

एकदा माझे वडील आले. ते आमच्या गावी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे मोटारीच्या आतली तांब्याची तार काढून नव्यानं वेढे देतात. येताना ज्वारीचं पोतं खांद्यावरून दोन मजले वर आणलं होतं. बाईंनी विचारलं, "किती आहे?"

"असंल की," वडील घाम पुसत म्हणाले.

"असेल की म्हणजे? आहे की नाही?"

"हाय की!"

"किती?"

"लई हाय."

बाईंनी पंखा बंद केला. मी मधे पडणार, तेवढ्यात वडिलांनीच विषय बदलला आणि आपल्या कामाचं सांगायला लागले. वेढा एक जरी कमी पडला तरी मोटार तापते, धूर निघतो, शेतकरी शिव्या घालतो.

"म्हणजे मोजता तर," बाई म्हणाल्या.

"तर! आदी मी मोजतो. मग ह्याची आय मोजती. तिला माजा आकडा सांगत न्हाई. तिचा निराळा आला की सगळं उकलायचं."

बाई वडिलांकडे पाहतच राहिल्या. मग उठून त्यांनी पंखा लावला आणि आत जाऊन चहा ठेवला. वडिलांचा एक चहा आधीच झाला होता. त्या घरात दुसरा चहा मिळालेला मी पाहिलेला हा एकमेव माणूस.

जिना उतरताना वडील म्हणाले, "बाई लाखात एक हाय रं. पर एकटीच मोजती. ते काय बरं न्हाई."

मला तेव्हा वाटलं, वडिलांना नेहमीप्रमाणे थोडंच समजलं आहे.

पहिल्या वर्षी मी कॉलेजात फार घाबरलेला असायचो. सगळं इंग्रजीत. एके दिवशी डिजिटल म्हणजे काय, याची व्याख्या मी मंत्रासारखी घोकत होतो. बाई स्वयंपाकघरात मसाला भाजत होत्या. वासानं घर भरलं होतं. आतूनच त्यांनी विचारलं, "काय पाठ करतोयस? मराठीत सांग."

"डिजिटल म्हणजे आकड्यांत मांडलेलं."

"बरं. मग?"

"मग काय?"

"आकड्यांत मांडलं तर काय मोठं झालं? कशाला एवढं कॉलेज काढलंय त्याच्यावर?"

 बाई कढई उतरवून झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"आमच्या आईचा गोडा मसाला होता. तिला कृती विचारली की म्हणायची, दगडफूल थोडं, तीळ अंदाजानं, खोबरं बेतानं. आम्ही तिघी बहिणी. आज तिघींच्या घरी तीन मसाले आहेत, आणि प्रत्येकीचं म्हणणं, आईचा तो हाच. आई तर नाही. विचारणार कोणाला? थोडं, अंदाजानं, बेतानं हे सगळं तिच्या हातात होतं. हाताबरोबर गेलं. तेच तिनं आकड्यांत सांगून ठेवलं असतं तर माझ्यावरून भाचीनं केला असता, भाचीवरून तिच्या सुनेनं, आणि शंभराव्या घरात पहिल्या घरासारखाच वास आला असता. कार्डावरून कार्ड काढलं की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, देवालासुद्धा सांगता येत नाही. हाताची नक्कल दर वेळी थोडी झिजते. आकड्याची झिजत नाही. म्हणून मोठं."

"पण बाई, सगळ्यांचा मसाला सारखाच झाला तर मजा काय?"

"मजा तू कर. मी आईबद्दल बोलतेय."

त्या आत गेल्या. मी वही मिटली. त्या दिवसानंतर मला डिजिटल हा शब्द पाठ करावा लागला नाही. परीक्षेत मी हेच माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. प्राध्यापकांनी गोडा मसाल्याभोवती लाल गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलं होतं, पण मार्क पूर्ण दिले होते. बाईंनी ती उत्तरपत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "दगडफुलाचं इंग्रजी चुकलंय."

मात्र आकडा झिजत नाही यावर त्या भाळलेल्या नव्हत्या. "चूकही झिजत नाही," असं त्या लगेच म्हणायच्या आणि रखवालदाराची गोष्ट सांगायच्या. कारखान्यात एक रखवालदार होता आणि त्याचा मुलगाही तिथेच शिपाई होता. रखवालदाराच्या जन्मसालात बाईंकडून एक आकडा चुकला. कागदावर साहेबाचं अक्षरच असं होतं की एक आणि सात यांत फरक कळू नये. कार्डावर बाप मुलापेक्षा लहान झाला. पुढे कधीतरी निवृत्तीची यादी निघाली, तेव्हा मशीननं सांगितलं की मुलगा आधी निवृत्त होईल आणि बाप नंतर. चूक दुरुस्त करायला रखवालदाराला बोलावलं. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "मशीन म्हणतंय ना? मग तुम्ही कोण?" मुलगा मात्र आठवडाभर रडकुंडीला आलेला.

"पण बाई, पडताळणी होत होती ना?" मी विचारलं.

"झाली होती. विमलनंही सातच वाचला. दोघींनी एकच चूक केली की मशीन खूश असतं."

ही विमल म्हणजे विमल साळवी. बाईंच्या शेजारच्या मशीनवर बसणारी. कारखान्यात पद्धत अशी होती की एकीनं पंच केलेली कार्डं दुसरीकडे जायची. दुसरीनं मूळ कागद समोर ठेवून सगळं पहिल्यापासून पुन्हा दाबायचं. पहिलीनं काय दाबलंय ते तिला दिसायचं नाही. दोघींचं जुळलं की मशीन निमूट पुढे जायचं. नाही जुळलं की जागच्या जागी अडायचं आणि लाल दिवा लागायचा. बाई पंच करायच्या, विमलताई पडताळायच्या. वर्षानुवर्षं हीच जोडी.

"लाल दिवा लागला की भांडणं होत असतील," मी म्हणालो.

"छे. दिवा लागला की ती माझ्याकडे बघायची. तेवढंच बोलणं व्हायचं कामाच्या वेळात." मग त्या म्हणाल्या, "तू दिवसभर जे करतोस ते दुसरं कोणीतरी, तुझ्याकडे न बघता, अक्षरन् अक्षर पुन्हा करतंय. असं कधी झालंय तुझं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

विमलताई लग्न होऊन, मुलंबाळं होऊन, शेवटी मुलाबरोबर वाघोलीला राहायला गेल्या होत्या. महिन्यातल्या एका रविवारी बाई दोन बस बदलून त्यांच्याकडे जायच्या. पुढे गुडघा दुखायला लागला तेव्हा आधाराला मला नेऊ लागल्या. नगर रस्त्यानं बस जायची तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं आणि त्यातून उगवलेले अर्धवट इमारतींचे सांगाडे एकाच उन्हात उभे असायचे. बाई खिडकीशी बसून ओठ हलवत काहीतरी घोकत असायच्या. परीक्षेला चाललेल्या मुलीसारख्या.

दोघींचा खेळ ठरलेला होता. चहा झाला की एकीनं जुना एखादा दिवस काढायचा आणि दोघींनी तो आळीपाळीनं सांगायचा.

"सुताराच्या विहिरीवरची सहल," बाई म्हणायच्या. "तू निळं पातळ नेसली होतीस."

"लाल दिवा!" विमलताई टाळी वाजवायच्या. "निळं तुझं. माझं पोपटी. तू माझ्याकडे बघून हिरमुसली होतीस."

"मी? तुझ्या पोपटी पातळाकडे बघून? डोळे गेले नव्हते माझे."

"कुमुद, खोटं पंच करू नकोस."

मग दोघी इतक्या हसायच्या की विमलताईंची सून आतून डोकावून जायची. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्या दोघींचं पोपटी-निळं ऐकत पेंगायचो. मला वाटायचं, कुठल्याही दिवसाला असे दोन मालक असावेत. एकाकडून हरवला तर दुसऱ्याकडे मिळावा.

तिसऱ्या वर्षी विमलताई बदलल्या. आधी त्या 'लाल दिवा' म्हणेनाशा झाल्या. मग वाद घालेनाशा झाल्या. बाई जे सांगतील त्यावर त्या गोड हसून "हो, तसंच" म्हणायच्या. सून म्हणाली, "आताशा आईंना सगळंच पटतं. आम्हाला तर बरं पडतं." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बशा उचलून आत गेली.

त्या दिवशी बाईंनी पुन्हा सहल काढली. "तू निळं पातळ नेसली होतीस, विमल."

"हो, निळं."

बाई थांबल्या. त्यांच्या कारखान्यात एक रिवाज होता. पडताळणारीचं लक्ष आहे ना हे बघायला मुख्य बाई गठ्ठ्यात मुद्दाम एक चुकीचं कार्ड सरकवून ठेवायच्या. बाईंनी विमलताईंचा हात हातात घेतला आणि अगदी सावकाश विचारलं, "आणि आपण दोघी हत्तीवर बसून गेलो होतो. आठवतं?"

 बाहेर कुठेतरी सळ्या कापायचं मशीन चालू होतं. विमलताईंनी लांब कुठेतरी पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"हो तर," त्या म्हणाल्या. "केवढा मोठा होता गं."

 बाईंनी विमलताईंच्या कपाळावरची बट मागे सारली. मग म्हणाल्या, "जुळलं."

"जुळलं ना?" विमलताई आनंदानं म्हणाल्या. "मला वाटलंच."

परतीच्या बसमध्ये बाईंनी खिडकी मला दिली. बराच वेळ त्या समोरच्या सीटच्या दांड्याला धरून बसल्या होत्या. येरवड्याच्या पुढे पूल लागला तेव्हा म्हणाल्या, "पोपटीच होतं. मी दर वेळी मुद्दाम निळं म्हणायचे. ती अडवायची म्हणून."

काही थांबे गेले.

"आता उद्या मीच निळं म्हणायला लागले तर?" त्या म्हणाल्या. "कोण सांगेल मला?"

माझं शिक्षण चालू होतं आणि माझा त्यावर फार विश्वास होता. दुसऱ्याच दिवशी मी बाईंना म्हणालो, "तुम्ही सांगा, मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाइप करतो. सगळं. सहल, हॉल, विमलताई. फ्लॉपीवर ठेवू. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, एक गावी. कधी झिजणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

"प्रती किती निघतील?"

"हव्या तेवढ्या. शंभर."

"सगळ्या माझ्याच सांगण्यावरून?"

"हो."

"मग शंभर प्रती म्हणजे शंभर वेळा मीच, दत्ता. त्यात पडताळणी कुठे आहे?"

तरी मी टाइप केलं. बाई सांगायच्या, मी लिहायचो, कॉलेजात जाऊन टाइप करायचो. बाईंनी ते नाकारलं नाही. जे आकड्यांत जातं ते राहतं, यावर त्यांची श्रद्धा होतीच. रद्दीत गेलेल्या कार्डांच्या पोत्यांतून किती माणसांच्या हजेऱ्या कायमच्या गेल्या, याची हळहळ मी त्यांच्या तोंडून ऐकली होती. फक्त सांगता सांगता त्या मधेच थांबायच्या आणि सवयीनं माझ्याकडे पाहायच्या, मी अडवीन म्हणून. मी कसा अडवणार? मी तिथे नव्हतो. माझा तर तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता. मी मान हलवायचो. "हो बाई." आणि माझ्या लक्षात यायचं, विमलताईही हेच म्हणतात.

वाघोलीला जाणं बाईंनी सोडलं नाही. "आता कशाला एवढा त्रास?" असं इस्त्रीवाल्यानं विचारलं, तर म्हणाल्या, "तिला जुळलेलं आवडतं." पुढच्या वर्षभरात त्या दोघी हत्तीवरून महाबळेश्वरलाही जाऊन आल्या.

मग मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. हैदराबादला नोकरी लागली आणि मी पुणे सोडलं. नव्या शहरात, नव्या इंग्रजीत, माझे पहिले काही महिने फार भराभर गेले. बाईंना फोन करायचो, पण दुकानातल्या फोनवरून, मागे रांग असताना. एका रविवारी बाईंचाच फोन आला. आमच्या घरमालकांनी मला खाली बोलावलं.

"दत्ता, एक काम कर," त्या म्हणाल्या. "तू इथून गेलास तो दिवस मला लिहून पाठव. सकाळपासून. तुला जसा आठवतो तसा."

"का बाई? तुम्हाला नाही आठवत?"

"मला आठवतो. माझं मी सांगणार नाही. आधी तुझं येऊ दे."

"पण त्या दिवशी विशेष असं काही—"

"त्या दिवशी आपण दोघं होतो," त्या म्हणाल्या. "मी शोधून पाहिलं. दोघं होतो असे दिवस आता तुझ्याकडेच आहेत." आणि मग, वाण्याकडचा भाव सांगावा तशा आवाजात, "वाघोलीला आता जायचं नाही. बुधवारी संपलं."

त्याच दुपारी मी खोलीचं दार लावून हे लिहिलं. लिहिलं तसंच इथे देतो.

तीर्थरूप बाईंना,

दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं न बघता लिहितो आहे. चुकलं तर अडवा.

त्या दिवशी सकाळी ढग होते, त्यामुळे फरशीवर काही पडलं नव्हतं. तुम्ही पोहे केले होते. मीठ नव्हतं. मी सांगितलं नाही, तुम्हीही खाताना बोलला नाहीत. म्हणजे एक तर तुम्हाला कळलं नाही, नाही तर माझ्यासारखंच तुम्हीही गुपचूप खाल्लंत. हे मला आजवर विचारायचं होतं.

तुम्ही गाडीची वेळ विचारलीत. मग डोळे मिटून पुन्हा विचारलीत. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं, तरी तुम्ही तिसऱ्यांदा विचारलीत. तिसऱ्यांदा विचारताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

ट्रंकेचं कुलूप तुम्ही ओढून पाहिलंत, मग मला ओढायला लावलंत. मसाल्याची बाटली माझ्या शर्टांमध्ये ठेवलीत आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवलीत. त्यावर सगळ्या जिनसा ग्रॅममध्ये होत्या. मी इथे त्याप्रमाणे करून पाहिला. वास तोच आला. शेजारचा तेलुगू मुलगा विचारत आला, त्यालाही उतरवून दिलं आहे. त्याच्या आईचाही तसाच झाला आहे, असं तो म्हणतो.

तुम्ही म्हणालात, "पोचलास की फोन कर. आणि नक्की पोचलास की परत कर." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

गुडघ्यामुळे तुम्ही खाली आला नाहीत. इस्त्रीवाल्यानं ट्रंक रिक्षात ठेवली. तुम्ही पडदा बाजूला करून गॅलरीत उभ्या राहिलात. पांढऱ्या साडीला हिरवा काठ होता. विमलताई असत्या तर पोपटी म्हणाल्या असत्या.

इथे आपलं जुळणार नाही, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे असं असेल, की दत्ता रिक्षात बसला आणि त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ते बरोबर आहे, मी वळलो नाही. वळलो असतो तर तुम्ही लगेच हात खाली घेऊन दोरीवरचे कपडे काढायला लागला असतात, एवढं मला चार वर्षांत कळलं होतं. म्हणून मी रिक्षावाल्याच्या उजव्या बाजूच्या आरशात पाहत होतो. त्याला दोनदा सांगितलं, सावकाश घ्या. तुम्ही त्यात बोटाएवढ्या दिसत होतात. हात वर होता. हलवत नव्हतात, नुसताच वर होता.

रिक्षा वळली तेव्हाही तो वरच होता. त्यानंतर तुम्ही तिथे किती वेळ उभ्या होतात, ते माझ्याकडे कोरं आहे. ते मला कळवा.

आपला,
दत्तात्रय भीमराव शिंदे